रेल्वेचा जुना स्लीपर घरी आणताय? आधी त्यातलं काळं तेल ओळखा

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या नानांनी शिळफाट्याच्या भंगार गोदामातून रेल्वेचे चार जुने लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे घालतात ते जाड ओंडके, टेम्पोत घालून आणले. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर बाग करायची टूम निघाली होती. दोन स्लीपरचं बाकडं करायचं आणि उरलेले दोन कापून पालक-मेथीचा वाफा, असा त्यांचा बेत. भर दुपारी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, दोन हमालांच्या जोडीला स्वतः हात लावून त्यांनी ते वर चढवले. संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले ते दोन्ही हात पुढे करून. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालबुंद, कढईची वाफ लागावी तशी.

"ऊन लागलं गं जरा," म्हणाले. "पण पाण्याखाली हात धरला की आग आग होतेय."

ऊन लागलं होतं हे खरं, पण निम्मंच. नखांच्या कडेला काळपट चिकटा होता आणि शर्टाला डांबरगोळीसारखा, जरा जळकट वास येत होता. मी २२ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे तो वास ओळखायला वेळ लागला नाही. क्रिओसोट. त्या दिवसापासून सोसायटीत कोणी जुनं लाकूड आणलं की मला वर बोलावतात. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

हे तेल आहे तरी काय

दगडी कोळसा हवेशिवाय तापवला की कोक नावाचं इंधन मिळतं आणि सोबत काळं, दाट डांबर सुटतं. ते डांबर पुन्हा ऊर्ध्वपातनाला लावलं, म्हणजे तापवून त्याची वाफ थंड करून गोळा केली, की साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जो तेलकट भाग निघतो, तो क्रिओसोट. मराठीत आपण रस्त्यावरच्या काळ्या मालालाही डांबरच म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रस्त्याचं डांबर म्हणजे बिट्युमेन, ते कच्च्या खनिज तेलातून येतं. कोळशाचं डांबर वेगळं आणि तब्येतीला त्याहून बरंच वाईट. कपाटातल्या डांबरगोळीला ते नाव पडलं, कारण तिच्यातलं नॅफ्थलीन याच कोळशाच्या डांबरातून काढत. क्रिओसोटमध्येही नॅफ्थलीन असतं, म्हणून वासाचं हे नातं. औषधात वापरलं जाणारं लाकडापासूनचं क्रिओसोट ही निराळी चीज, नाव तेवढं सारखं.

बाटलीत पाहिलं तर रंग पिवळट हिरव्या तपकिरीपासून पार काळा. पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून पाण्यात ओतलं तर बहुतेक तळाशी बसतं, आणि विरघळतं अगदी थोडं. हा एक पदार्थ नव्हे. यात शेकडो संयुगं असतात आणि त्यांतला मोठा हिस्सा, सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत, पीएएच या गटाचा. पीएएच म्हणजे बेंझिनची अनेक वलयं एकमेकांना चिकटून झालेले रेणू. अँथ्रासीन, फेनँथ्रीन आणि बदनाम बेंझो-ए-पायरीन ही त्यातली काही नावं. उरलेल्यात फिनॉलच्या जातीची आम्लं असतात. काळ्या फिनाईलचा तो खास वास याच भाऊबंदांचा.

लाकडाला लागणारी बुरशी, वाळवी आणि खाडीच्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे, या तिघांनाही हे तेल विषारी. शिवाय ते पाण्याला आत शिरू देत नाही. जॉन बेथेलने १८३८ मध्ये बंद टाकीत आधी निर्वात करून मग दाबाखाली हे तेल लाकडात घुसवायची पद्धत पेटंट केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तोवर या पद्धतीला १५ वर्षं झाली होती. आपल्याकडे पुढे स्लीपरला तेल पाजायचे कारखानेच उभे राहिले. पंजाबात ढिलवां, बरेलीजवळ क्लटरबकगंज, केरळात ओलवक्कोड, आसामात नाहरकटिया. बऱ्याचदा क्रिओसोटमध्ये फ्युएल ऑइल मिसळत, म्हणजे स्वस्त पडे आणि आत नीट मुरे.

काँक्रीटचे स्लीपर आल्यावर हे सगळं लाकूड हळूहळू भंगारात निघालं. "रेल्वेचं लाकूड आहे, शंभर वर्षं हलायचं नाही," असं नाना म्हणतात ते खोटं नाही. ते का हलत नाही, एवढाच प्रश्न आहे.

पायरी पहिली: तेल आहे की नाही ते बघा

प्रत्येक रेल्वे स्लीपरला क्रिओसोट असतंच असं नाही. साल आणि साग ही मुळातच टिकाऊ लाकडं, त्यांचे स्लीपर बिनतेलाचेही वापरले जात. चीड, कैल या हिमालयातल्या मऊ लाकडांना मात्र तेल पाजल्याशिवाय सहसा रुळाखाली घालत नसत. म्हणजे उचलायला दगडासारखा जड आणि आतून लालसर तपकिरी स्लीपर सालाचा असू शकतो, आणि तो तेलाशिवायचाही असू शकतो. ब्रॉडगेजचा पूर्ण स्लीपर २.७५ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. सालाचा असेल तर वजन सहज ७५ किलोच्या वर जातं.

पण वजनावर भरवसा ठेवू नका. हातमोजे घालून, टोकापासून हातभर आत, पटाशीने दोन सेंटिमीटर खोल खाच पाडा. टोकावर नको, कारण तिथून तेल खोल शिरलेलं असतं आणि अंदाज चुकतो. खाचेत बाहेरून काळा पट्टा आणि आत एकदम फिका रंग दिसला, तर तेल पाजलेलं आहे. काळेपणा नखाएवढाच वरवरचा असेल तर तो नुसता इंजिनाच्या ग्रीसचा आणि धुळीचा थरही असू शकतो. मग ताज्या खाचेचा वास घ्या, नाक टेकवून नव्हे, हाताने हवा ओढून. डांबरगोळी अधिक काळं फिनाईल असा वास आला की शंका ठेवायचं कारण नाही.

माझी सगळ्यात आवडती चाचणी सोपी आहे. लाकूड दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि दुपारी तीनला जाऊन बघा. नानांच्या स्लीपरवर, जिथे पूर्वी खिळा होता त्या भोकाच्या काठाने, मोहरीएवढे चकचकीत काळे थेंब उभे होते. काडी लावली तर मधासारखी तार निघाली. रात्री गार झाल्यावर तेच थेंब घट्ट होऊन धुळीने मळकट झाले आणि दुसऱ्या दुपारी शेजारी नवे फुटले. रुळाखाली अनेक वर्षं काढूनही हे लाकूड असं घामेजतं. म्हणून "जुनं आहे, उडून गेलं असेल" या वाक्यावर जाऊ नका. हलकं नॅफ्थलीन बरंचसं उडतं. जड पीएएच तिथेच राहतात, आणि वाईट तेच.

लाकूड काळं नसून हिरवट असेल तर मामला वेगळा. ते तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाने उपचारलेलं असू शकतं. हे मिश्रण आपल्याच देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तयार केलं आणि जगभर गेलं. त्याचं एक नाव 'अस्कू', म्हणजे आर्सेनिकचं अस आणि क्युप्रमचं, म्हणजे तांब्याचं, कू. अमेरिकेत घरगुती कामासाठी त्याचा वापर २००३ अखेर थांबला. आणि पेंटाक्लोरोफेनॉल नावाचं तिसरं रसायन आहे, त्याने लाकडाचा रंग बदलेलच असं नाही, म्हणून ते डोळ्यांनी पकडता येत नाही. भारतात त्यावर बंदी आहे आणि २०१५ मध्ये ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातही आलं, तरी फार जुन्या लाकडात असू शकतं. कुठलं लाकूड कुठून आलं हे भंगारवाल्याला सांगता येत नसेल, तर ते घरात घेऊ नये, हे माझं मत.

धोका नेमका कशात

नानांच्या हाताचं आधी सांगते, कारण हा प्रकार लोकांना माहीतच नसतो. क्रिओसोटमधली काही संयुगं कातडीत शिरून बसतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी चेततात. तेल लागलेला हात सावलीत जेमतेम चुरचुरेल, उन्हात मात्र भाजल्यासारखा होईल. बरं झाल्यावर डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. डोळ्यात गेलं तर जास्त वाईट, बुबुळाला इजा होते. वाफेने घसा खवखवतो, डोकं दुखतं, मळमळतं. पोटात गेलं तर थेट हॉस्पिटल.

आता कर्करोग. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या काजळीचा आणि त्यांना पुढे होणाऱ्या वृषणाच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून कर्करोग घडवून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रिओसोटला २-अ, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक, या गटात ठेवलंय. त्यातलं बेंझो-ए-पायरीन तर गट १ मध्ये, म्हणजे खात्रीचं.

पण नाना दोन रात्री झोपले नाहीत म्हणून हेही सांगते: एकदा हात लागला म्हणून कर्करोग होत नाही. हे निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षं याच तेलात काम केलेल्यांवरून आलेत. आपल्याला टाळायचंय ते रोजचं लागणं. रोज त्या बाकावर उघड्या पायांनी बसणारी नातवंडं, रोज त्या वाफ्यातला पालक.

कुठे चालेल, कुठे नाही

युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने असं लाकूड घरात, खेळण्यांत, खेळाच्या मैदानावर, बागेतल्या बाकांत, रोपांच्या कुंड्या-खोक्यांत आणि खाण्याच्या वस्तूंना लागेल तिथे वापरायला मनाई केली. नानांचे दोन्ही बेत या यादीत बसतात, हे त्यांना सांगताना मला खरंच वाईट वाटलं. मासळीची टाकी, कोंबड्यांचं खुराडं, गुरांची गव्हाण, विहिरीचा कठडा, झोपाळा, सगळ्याला नाहीच. खाडीकाठी मातीत रोवायलाही नको. जड तेल गाळात जाऊन बसतं आणि माशांच्या अंड्यांना मारक ठरतं.

चालेल कुठे? जिथे माणसाचा हात, पाय आणि पाणी फारसं पोचत नाही तिथे. शेतावरच्या कुंपणाचा खांब, गोदामात जड मशिनरीखाली ठोकळा. शहरातल्या फ्लॅटवाल्याला याचा काहीच उपयोग नाही, असं मी स्पष्ट सांगते.

उचलायची, कापायची वेळ आलीच तर

लाकूड आधीच येऊन पडलंय आणि हलवायचंय, तर सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर हलवा. हातमोजे नायट्रिल रबराचे. सुती आणि चामड्याचे तेल शोषतात आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा नसलेले परवडले. पूर्ण बाह्या, जुनी पँट, बंद बूट, चष्मा.

कापणं शक्य तेवढं टाळा. कापावंच लागलं तर मोकळ्या जागी, खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून, वाऱ्याकडे पाठ करून. शक्यतो हाताची करवत. कटर मशीनने पातं तापतं, धूर सुटतो आणि भुसा बारीक होऊन फुप्फुसात खोल जातो. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी. धुळीची आणि सेंद्रिय वाफेची अशी दोन्ही गाळणी असलेला, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो, तो घ्या. रंधा आणि सँडर तर अजिबात नको. नानांच्या सुताराने "वरचा काळा थर मशीनने काढून देतो, खाली लाकूड एकदम नवं" असं सांगितलं होतं. तो काळा थर म्हणजेच सगळा माल, आणि तो धूळ होऊन त्याच्याच नाकात जाणार होता.

काम झालं की भुसा झाडू नका, आधी पाणी शिंपडा आणि कागदासकट गुंडाळा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, चहा नाही, बिडी नाही.

होळी

याला वेगळा मथळा द्यायचं कारण आहे. फाल्गुनात सोसायटीच्या गेटवर "जुनं लाकूड असेल तर आणून टाका" असं आवाहन होतं आणि गोदामातलं, दुरुस्तीतलं, भंगारातलं सगळं त्या ढिगात येतं. क्रिओसोटचा स्लीपर पेटतोही झकास. तेल भरलेलं आहे ना. मग त्या आगीत आपण नारळ भाजतो आणि प्रसाद म्हणून वाटून खातो. दुसऱ्या दिवशी धुळवडीला तीच राख कपाळाला.

जळताना पीएएच धुरात येतात आणि भाजलेल्या खोबऱ्यावर काजळी बनून बसतात. हिरवट उपचारलेलं लाकूड असेल तर प्रकार आणखी वाईट, कारण आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकी राखेत साठतं, आणि ती राख आपण लहान मुलाच्या कपाळाला लावतो. तेव्हा होळीत फक्त झाडाच्या वाळक्या फांद्या आणि शेणाच्या गोवऱ्या. काळं, हिरवं, रंगवलेलं, प्लायवूड, काहीच नको. हेच बंबाला, हुरड्याच्या शेकोटीला आणि बेकरीच्या भट्टीला.

अंगाला लागलं तर

कपडे काढा आणि साबण-पाण्याने हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा धुवा. आधी थोडं खाण्याचं तेल चोळून मग साबण लावला तर चिकटा लवकर सुटतो. रॉकेल, थिनर, पेट्रोल लावू नका, त्याने रसायन कातडीत आणखी सहज शिरतं. नानांनी नेमकं रॉकेलच लावलं होतं. मग दोन-तीन दिवस तो भाग उन्हापासून झाका, खिडकीतल्या उन्हापासूनसुद्धा. फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे, आणि जाताना "कोळशाच्या डांबराचं तेल लागलंय" हे शब्द सांगा, नाहीतर साधं उन्हाचं मलम हातात पडेल.

डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं घड्याळ लावून, मग डॉक्टर. गिळलं गेलं तर उलटी करवू नका. तेलकट द्रव उलटीतून फुप्फुसात गेला तर जास्त भारी पडतो. १०८ ला फोन करा आणि डबा किंवा लाकडाचा तुकडा सोबत न्या.

मग लाकडाला लावायचं काय

हार्डवेअरवाला "वाळवीचं काळं औषध" म्हणून बिनलेबलचा डबा पुढे करेल. घेऊ नका. सुतार जळकं ऑइल सुचवेल, म्हणजे गाडीतून काढलेलं इंजिन ऑइल. त्यातही पीएएच असतातच, त्यामुळे ही अदलाबदल फुकट. कोकणातून काजूच्या टरफलाचं तेल येतं, होड्यांना लावतात. ते कामाचं आहे, पण कच्चं अंगावर सांडलं तर बिब्ब्यासारखे फोड उठतात.

घरातल्या लाकडाला मी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड वापरते. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, बोरिक म्हणजे कॅरमबोर्डवर टाकतात ती पावडर. दहा लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पूर्ण विरघळवा. पॉलिश किंवा रंग नसलेल्या कोऱ्या लाकडाला ब्रशने सढळ हाताने दोन-तीन हात द्या, मधे लाकूड पूर्ण वाळू न देता, कारण ओल असेल तरच क्षार आत झिरपतो. जोडांच्या फटीत आणि कापलेल्या टोकांवर जास्त. नीट वाळलं की वरून रंग किंवा पॉलिश. हे पावसात धुऊन जातं, म्हणून उघड्यावरच्या कामाला नाही. आणि हेही पोटात जाऊ द्यायचं नाही. मुलांपासून दूर ठेवा, गरोदर बाईने हात लावू नये, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये.

वाफ्यासाठी नव्या मुंबईच्या बाजूला एक सोय आहे. न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या मालाचे लाकडी पॅलेट भंगारात मिळतात. त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्याशेजारी 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशावर ३० मिनिटं तापवलंय, रसायन नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडून द्या. एचटीचं पॅलेटही तेला-रंगाचे डाग असतील तर घेऊ नका, आधी त्यावरून कुठले पिंप गेलेत कोणाला ठाऊक.

आणलेल्या लाकडाचं काय करायचं

घरात आधीच बसवलेलं असेल आणि लगेच काढता येत नसेल, तर तात्पुरता उपाय म्हणून इपॉक्सी, पॉलियुरेथेन किंवा लाखेचं शेलॅक याचे दोन हात द्या. ऑइल पेंट चालत नाही, महिन्याभरात खालून तपकिरी डाग वर येतात. काढलेलं लाकूड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका आणि जळणाला कोणाला देऊ नका, मग तो कितीही आग्रह करो. घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं, तेव्हा वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी विचारा. कारखान्यांच्या अशा कचऱ्यासाठी तळोज्याला शास्त्रीय विल्हेवाटीची सोय आहे, पण तिथे एकट्या घराची चार लाकडं घेऊन कोणी दारात उभं करत नाही. पाच-सहा सोसायट्या मिळून विचारलं तर बोलणं तरी होतं.

नानांचे चार स्लीपर सध्या जनरेटरच्या खोलीमागे, सावलीत, ताडपत्रीखाली आहेत. भंगारवाला अर्ध्या किमतीत परत घ्यायला तयार होता. "काय करणार त्याचं?" असं नानांनी विचारलं तर म्हणाला, "तंदूरवाला नेतो ना, काका." नानांनी ते दिले नाहीत.